मॅबेलची शिंगं आणि हत्तीचं बिस्किट

"शिंगं काढून टाक, नाहीतर आम्ही ईस्टरला येत नाही," असं कोरिननं फोनवर बापाला सांगून टाकलं आणि वर "विचार करून कळव" असंही म्हणाली.

डेलमर फोन हातात धरून स्वयंपाकघरात उभाच राहिला. यात विचार काय करायचा, डोंबल? मुलगी आली नाही म्हणजे नात येणार नाही, आणि पाच वर्षांची टिली आली नाही तर ईस्टरच्या रविवारी रंगवलेली अंडी गवतात लपवायची कोणासाठी? बायकोसाठी? शिंगं होती मॅबेल शेळीची. टिलीला खूश करायला त्यानंच हौसेनं शेळीचा फोटो पाठवला होता. त्यात कोरिनला शेळी दिसलीच नाही, नुसती शिंगं दिसली. ती शहरात विमा कंपनीत नोकरीला होती. कुठं काय बिघडू शकतं हे आधी ओळखण्याचाच तिला पगार मिळायचा.

"मी तेव्हाच सांगत होते," वर्ना कणीक मळता मळता म्हणाली. डेलमरच्या बायकोनं सगळं तेव्हाच सांगितलेलं असतं. "पिल्लू होतं तेव्हाच शिंगांची मुळं डागून टाकली असतीस, तर आज ही वेळ आली नसती."

"डागायला घेतलं होतं ना मी!"

"घेतलं होतंस की. सळई तापवलीस, तिनं एकदा बें केलं, आणि सळई बाजूला ठेवून तू तिला बाटलीनं दूध पाजत बसलास. मी खिडकीतून बघत होते, डेलमर. रडत होतास तू."

"धूर गेला होता डोळ्यात."

त्यानं जनावरांच्या डॉक्टरला फोन लावला. डॉक्टर म्हणाला, आता ती मोठी झाली, आता करवत लावावी लागेल. करवत लावली की कवटीला भोक पडतं, रक्त येतं, जखम भरायला वेळ लागतो. "करता येतं. पण माझी शेळी असती तर मी केलं नसतं." करवतीचं नाव निघताच डेलमर खुर्चीत बसला होता. पुढचं त्यानं डोळे मिटून ऐकलं.

बरं, शिंगं असल्याचं सुख त्याला होतं का? छे! मॅबेलच्या कुरणात गुडघाभर गवत, पण बाईसाहेबांना कुंपणापलीकडचंच हवं. जाळीतून डोकं घालायचं, शिंगं अडकवून घ्यायची आणि मग असं कोकलायचं की सगळ्या खोऱ्याला वाटावं, डेलमरच्या घरी खून पडला. मग डेलमर कॉफी टाकून धावायचा. ती शांत व्हावी म्हणून खिशातलं बिस्किट द्यायचा. लहान मुलांची असतात ना प्राण्यांच्या आकाराची, तसली. मग म्हणायचा, "पुढे, बाई, पुढे. मागं ओढू नकोस. आता मान वाकडी कर. हं, एक शिंग... दुसरं... शाब्बास!" आणि शाब्बासकीचं म्हणून आणखी एक बिस्किट. दीड वर्षात मॅबेलनं सिंह, अस्वलं, उंट असं अख्खं जंगल फस्त केलं होतं.

गुरांच्या खाद्याच्या दुकानात त्याला कुणीतरी सुचवलं, "शिंगांवर आडवा पाइप बांध की! डोकं जाळीत जाणारच नाही." त्या भागात निम्म्या शेळ्या अशाच फिरतात. डेलमरनं जुना पाण्याचा पाइप घेतला, जाड चिकटपट्टीनं मॅबेलच्या शिंगांना आडवा गुंडाळला आणि मुलीला फोन केला. "शिंगांचा बंदोबस्त केलाय. ये तू."

शुक्रवारी दुपारी कोरिनची गाडी अंगणात शिरली. टिलीला उचलून घ्यायच्या घाईत डेलमर कुरणाचं फाटक लावायला विसरला, आणि मॅबेलही स्वागताला आली. आधी तिनं पत्रपेटी आडवी केली. काय पडलं ते बघायला वळली, तर पाइपचं टोक गाडीच्या दारावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत खर्रर करत गेलं. त्या आवाजानं बिथरून ती वाळत घातलेल्या कपड्यांत घुसली आणि वर्नाचा फुलाफुलांचा गाऊन पाइपवर फडकवत अंगणभर पळत सुटली.

"आई, शेळीनं आजीचा गाऊन घातलाय!" टिली आनंदानं उड्याच मारायला लागली.

कोरिन दारावरच्या ओरखड्यावरून बोट फिरवत होती. "बाबा, हा तुझा बंदोबस्त?"

"अगं, जाळीत अडकू नये म्हणून..."

"आधी दोन टोकं होती, आता ती दाराएवढी रुंद झालीय! टिलीच्या डोळ्यात गेलं असतं म्हणजे? आम्ही उद्या सकाळीच निघतो."

"पण रविवारची अंडी..."

"अंडी शहरातही मिळतात, बाबा."

हे मात्र डेलमरला फार लागलं. त्यानं टिलीकडे पाहिलं, गाऊन चघळत उभ्या असलेल्या मॅबेलकडे पाहिलं. "सोमवारी डॉक्टरला बोलावतो," तो कसाबसा म्हणाला. "कापून टाकतो. तू थांब." आणि नाक शिंकरत शेळीला कुरणात घेऊन गेला. पाइप सोडताना तो तिच्याशी काय बोलला ते कुणाला कळलं नाही, पण बराच वेळ बोलत होता.

पाइप निघाला आणि जरा वेळानं मॅबेल पुन्हा जाळीत. कोकलणं सुरू. डेलमर धावला, त्याच्या मागं टिली.

"हे काय दिलंस तिला?"

"सिंह."

"मला हत्ती!"

"जेवणाआधी बिस्किट नाही," कोरिन ओसरीवरून म्हणाली. टिलीनं आईकडे पाहिलं, जाळीकडे पाहिलं आणि गप्प बसली. तेव्हाच कुणीतरी सावध व्हायला हवं होतं.

वर्ना टेबलावर घेवड्याची आमटी आणि मक्याचा पाव मांडत होती, तोच बाहेरून बोंब उठली. एक नाही, दोन. सगळे पळाले. कुंपणाला दोन पार्श्वभाग शेजारी शेजारी लागले होते. एकाला शेपूट होतं, दुसऱ्यावर पिवळा फ्रॉक होता.

"टिली! अरे देवा!" कोरिननं पोरीची कंबर धरून मागं ओढायला सुरुवात केली. जाळी कानांना लागली आणि टिली खरंच किंचाळली. वर्ना कानांना चोळायला लोणी आणायला धावली. कोरिन एका हातानं अग्निशमन दलाचा नंबर शोधायला लागली.

"सोड तिला," डेलमर म्हणाला. त्याचा रोजचाच उद्योग होता तो. "पुढे, बाई, पुढे. मागं ओढू नकोस. आता मान वाकडी कर. हं, एक कान... दुसरा... शाब्बास!" डोकं मोकळं झालं. सवयीनं त्याचा हात खिशात गेला आणि त्यानं टिलीच्या हातावर हत्ती ठेवला. रडं तिथल्या तिथं थांबलं.

"अगं पण तुला तर शिंगंही नाहीत!" कोरिन तिचे कान चोळत म्हणाली. "डोकं घातलंस कशाला?"

"बिस्किटासाठी," टिली हत्तीची सोंड खात म्हणाली. "मॅबेल पण त्यासाठीच घालते. आजोबा लांब असले की आपली आपण काढते. मी मघाशी बघितलंय ना."

सगळ्यांनी मॅबेलकडे पाहिलं. ती आपल्या पाळीची वाट पाहत उभी होती. डेलमर पुढं झाला, तशी वर्नानं त्याची बाही धरली, त्याच्या खिशातला पुडा काढून घेतला आणि म्हणाली, "आता कुणी हलायचं नाही."

मॅबेल ओरडली. थांबली. पुन्हा ओरडली, पण यावेळी जरा शंकेनं. तिनं डेलमरच्या खिशाकडे पाहिलं, वर्नाच्या हातातल्या पुड्याकडे पाहिलं. मग मान वाकडी केली, एक शिंग सोडवलं, दुसरं सोडवलं आणि चरायला निघून गेली.

"दीड वर्ष!" वर्ना म्हणाली. "दीड वर्ष तुझी कॉफी गार होतेय, डेलमर."

कोरिन हसायला लागली ती थांबेचना. शेवटी डोळे पुसत म्हणाली, "त्या डॉक्टरला येऊ नको म्हणावं. टोकांना टेनिसचे चेंडू लाव म्हणजे झालं. आई, तू सुईदोरा आण. शिंगं राहू देत, बाबाचा खिसा शिवून टाकू. अंडी रविवारी शोधू."

वर्नानं खिसा खरोखरच शिवला, आणि दुहेरी टाका घातला.

रविवारी टिली टोपली घेऊन गवतात अंडी शोधत होती. मॅबेल शिंगांवर दोन पिवळे चेंडू मिरवत आली, चेंडूंसकट डोकं हिकमतीनं जाळीत घातलं आणि हळूच ओरडली.

"नाही म्हणजे नाही," डेलमर म्हणाला. "खिसा शिवलाय, बाई. बघ." तिनं पाहिलं आणि पुन्हा बें केलं, लहानपणी सळईसमोर केलं होतं तसंच. डेलमरनं स्वयंपाकघराच्या खिडकीत कुणी नाही याची खात्री केली, टोपी काढली आणि तिच्या अस्तरातून एक जिराफ बाहेर काढला.

टोपी पुन्हा डोक्यावर ठेवताना त्याला दिसलं, की टिली अंड्यांची टोपली खाली ठेवून कुंपणाकडे निघाली आहे.