दुसऱ्या टोकाला

१० मार्च, सोमवार. काम : मागच्या खोलीतला जुना सर्व्हर उद्या भंगारात जायचा आहे, त्याआधी आत काही कामाचं उरलंय का ते बघून बाकीचं पुसून टाकणे.

ह्या सर्व्हरची मालकी कंपनीची, पण संसार गावंड्यांचा. गावंडे स्वतःशीच चॅट करायचे. स्वतःशी बोलणारी माणसं पुष्कळ असतात. हे मात्र टाइप करून बोलायचे, तेही चालत जाऊन. खोलीच्या एका टोकाला बसून 'नमस्कार' लिहायचे, उठायचे, पायात चपला सरकवायचे, दुसऱ्या टोकाच्या कॉम्प्युटरपाशी जाऊन बसायचे. चष्मा पुसून आलेला नमस्कार वाचायचे, समाधानानं मान हलवायचे आणि उत्तर द्यायचे. मग परत पहिल्या खुर्चीकडे.

"एकाच कॉम्प्युटरवर दोन खिडक्या उघडा ना," मी एकदा म्हटलं.

"नाही मॅडम. दोन माणसं दोन जागी पायजे. नाही तं मनातल्या मनात बोलणं झालं ते."

आमचा हिंगण्याला पंपांचे सुटे भाग बनवायचा कारखाना आहे. गोडाऊन वाडीला, मुख्य ऑफिस रामदासपेठेत. रजेचा अर्ज तिन्हीकडे फिरून सही होऊन येईपर्यंत माणूस रजा संपवून कामावर आलेला असायचा. मालकांनी ठरवलं, कंपनीचं आतल्या आत एक इंट्रानेट करायचं. सूचना, रजा, फोन नंबर, निरोप, सगळं एका जागी. गावंडे मूळचे इलेक्ट्रिशियन. वायर ओढता ओढता कॉम्प्युटरपर्यंत पोचलेले. ते म्हणाले, "फुकट भेटते साहेब. जगातले लोक मिळून बनवतात आणि उघडं ठेवून देतात. ज्याले पायजे त्यानं न्यावं."

मालक 'फुकट' ऐकून खूष झाले. मी ॲडमिन मॅनेजर. फुकट ऐकलं की मला धास्ती वाटते.

पुढचे अकरा महिने गावंड्यांनी सॉफ्टवेअर नाही, सोयरीक पाहिली. "घराणं पाहून राहिलो, मॅडम," असं रोज सकाळी सांगायचे. पहिलं स्थळ नापास झालं, कारण बनवणारा एकटाच होता. "उद्या त्याचं लग्न झालं म्हणजे कोण पाहते याच्याकडे?" दुसऱ्यात बनवणाऱ्यांचं आपसात भांडण होऊन एकाची दोन सॉफ्टवेअरं झाली होती. "भावाभावांत वाटणी झाली. दोन चुली. आपण कोणाच्या दारात जावं?" तिसऱ्याची भाऊकी प्रचंड होती. गावंड्यांनी त्यांच्या चर्चेच्या पानावर मुद्दाम एक बाळबोध प्रश्न टाकला. नऊ दिवस कोणी हूं की चूं केलं नाही. "एवढी मोठी पंगत, मॅडम, अन् पाणी वाढाले माणूस नाही!"

चौथं पसंत पडलं. तिथे तासाभरात तिघांनी उत्तर दिलं आणि त्यातल्या एकानं जाता जाता विचारलं, 'तुमच्याकडे आत्ता किती वाजलेत?' ह्या प्रश्नावर गावंडे आठवडाभर खूष होते. "त्यानं विचारलं मले, मॅडम! त्याले काय करायचं होतं माझ्या टायमाशी? तरी विचारलं."

प्रत्येक सॉफ्टवेअरच्या वेळी ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहायचे. "मॅडम, दोन मिनिटं दुसऱ्या टोकाले बसा न. निरोप जाऊन राहिला का नाही, ते पाहाचं आहे."

"आज नाही, गावंडे."

आज नाही, कारण बोनसची यादी. आज नाही, कारण तपासणी. एकदा तर मी रिकामी होते आणि चहा पीत होते. तरी म्हटलं, आज नाही.

शेवटी मीटिंग झाली. गावंड्यांनी चौथ्याची शिफारस केली. मालकांनी माझं मत विचारलं. मी म्हटलं, "असेल चांगलं. पण ह्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणी वापरून पाहिलंय का?"

गावंड्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. "बरोबर आहे मॅडमचं," म्हणाले.

बाहेरच्या एका कंपनीचं तयार सॉफ्टवेअर घेतलं. जानेवारीअखेर गावंडे रिटायर झाले. शाल, श्रीफळ दिलं. निरोपाचं भाषण मी केलं. दोन मिनिटांत आटपलं.

तर आज दुपारी तो सर्व्हर उघडला. पासवर्ड गावंड्यांच्या अक्षरात चिठ्ठीवर लिहून सर्व्हरवरच चिकटवलेला होता. चारही सॉफ्टवेअरं शाबूत होती आणि प्रत्येकात दोनच माणसं : 'गावंडे' आणि 'मॅडम'.

पहिल्या दिवशी नुसते नमस्कार होते. नंतर :

'गावंडेभाऊ, जेवले का?'

'हो मॅडम.'

'काय होतं डब्यात?'

'वांगं. तिच्यासारखं नाही झालं.'

'जमते हळूहळू. एकटे काहून जेवता? आमच्यात येऊन बसा न.'

'येतो उद्यापासून.'

अकरा महिने हेच. आज पाय दुखते का, पोराचा फोन आला का, स्वेटर काहून नाही घातलं. मी गावंड्यांना कधी 'भाऊ' म्हटलेलं नाही. माझं माहेर साताऱ्याचं. मला वऱ्हाडी येतही नाही. माझ्या नावानं बोलणारी ती बाई माझ्यापेक्षा बरी होती.

त्यांची बायको गेली तेव्हा मी वाडीला घरी जाऊन आले होते. "काही लागलं तर सांगा," म्हणाले होते. लागलं होतं. त्यांनी सांगितलंही होतं.

संध्याकाळपर्यंत मी काहीही पुसलं नाही.

११ मार्च, मंगळवार. सकाळी गावंड्यांना फोन केला. "आपल्या गोडाऊनला जाऊन कॉम्प्युटरपाशी बसाल का जरा? जुन्या सर्व्हरवर."

"काहून मॅडम, बिघडलं का काही?"

"जाऊन बसा तर."

भंगारवाल्याला दुपारी ये म्हणून सांगितलं. मागच्या खोलीत गेले, दुसऱ्या टोकाच्या खुर्चीवर बसले आणि 'मॅडम' नावानं आत शिरले. थोड्या वेळानं वाडीहून नमस्कार आला. मीही नमस्कार केला. मग लिहिलं, 'गावंडेभाऊ, जेवले का?'

पाठवल्यावर लक्षात आलं, आता त्यांना कळलं की मी सगळं वाचलंय.

तिकडून उत्तर आलं : 'सकाळचे दहा वाजले मॅडम. आता काहून टेस्ट करून राहिले? आता तं दुसरं घेतलं.'

'हो. घेतलं,' मी लिहिलं. अन् त्याखाली : 'आज भाजी कसली केली?'