खोतांची मतं आणि मनुबाईची कणगी

लेखकाची मतं बदलत नसतात, ती परिपक्व होत असतात. बदलतात ती तुमचीआमची, आणि त्याला लोक फार वाईट शब्द वापरतात.

या बाबतीत चौलचे कादंबरीकार दत्तात्रेयपंत आदर्श मानावे लागतील. एकवीस साली परिपक्व होऊन त्यांनी विलायती कपड्यांची होळी केली (कपडे कुटुंबाचे होते). पुढे कौन्सिलची निवडणूक आली, तेव्हा सरकारशी सहकार्याची गरज त्यांना पटली. मतदारांना ती पटली नाही. म्हणून तीस साली पंतांनी रेवदंड्याच्या किनाऱ्यावर मीठ तयार केलं. ते मीठ अत्यंत देशभक्त होतं. आमटीत चालण्यासारखं नव्हतं. तुरुंगात त्यांची समाजवादाशी ओळख झाली आणि सुटताना ते त्याला घरी घेऊन आले. दर मतामागे एक कादंबरी, असा त्यांचा शिस्तीचा कारभार होता.

समाजवादी कादंबरीचा नायक कुळांना सांगतो, 'भात पिकवणाऱ्याचं! कणग्या भरा, खोताला दाणा देऊ नका!' हे प्रकरण वाचून मुंबई रडली. पंतांना हार पडले. पंत स्वतःच खोत आहेत, ही किरकोळ बाब सभेत कोणी काढली नाही.

गावात मास्तरांनी तेच प्रकरण कुळांना वाचून दाखवलं. आता, खोताने लिहिलेलं आजवर गावात जे आलं ते हुकूम म्हणूनच आलं होतं: पिकातला खोताचा वाटा कधी घालायचा, वेठीला कोणी यायचं. कादंबरी हा प्रकार पंतांच्या कोंडाजी नावाच्या कुळाने पाहिलेलाच नव्हता. त्याने हुकूम पाळला. त्याच्या बायकोने, मनुबाईने, लग्न झाल्यापासून प्रथमच कणगी काठोकाठ भरली, वरून शेणाने लिंपली. यंदा आषाढातही पोरांना भात मिळणार म्हणून ती हसत होती. मला हे सांगताना अजून वाईट वाटतं.

पंत धावतच आले.

"कोंडाजी, अरे ती कादंबरी! त्यातलं खरं नसतं."

"पर धनी, तुमीच लिवलंय न्हवं?"

"मीच."

"वेठीचा हुकूमबी तुमीच लिवला व्हता. त्यो खरा?"

"तो खरा."

"मंग आमी वळखायचं कसं?"

हा टीकाशास्त्राचा प्रश्न आहे, असं पंत म्हणाले आणि त्यांनी पोलीस बोलावले.

"पोरांपुरतं तरी ठेवा," मनुबाई म्हणाली. फौजदारांना वाचनाची आवड नव्हती. कणगी तळापर्यंत रिकामी झाली.

या अनुभवाने पंत पुन्हा परिपक्व झाले, या खेपेला अध्यात्माकडे. नव्या कादंबरीत एक गरीब कुळंबीण आपल्या कणगीतला शेवटचा दाणा हसतमुखाने दान करते. मुंबई पूर्वीपेक्षा जास्त रडली. त्या सुमारास पंतांचा तांदूळही रेवसहून होडीने मुंबईच्या बाजारात पोचला होता. वाचकहो, आपण ते दानाचं प्रकरण डोळे पुसत पुसत संपवलंत, पान वाढल्याची हाक आली तसे उठलात, आणि आज भात काय सुरेख झालाय म्हणत पुन्हा वाढून घेतलात.