पिवळ्या आल्याचं बारसं

मांगाटला ते फूल सापडलं तेव्हा तो जळवा काढायचंही विसरला. सारावाकच्या वनस्पतींचा जो मोठा ग्रंथ निघत होता, त्यात आल्याचं अख्खं कूळ त्याच्या वाट्याला आलं होतं. हळद, वेलदोडा आणि त्यांचे सगळे रानटी भाऊबंद. हे पिवळं फूल त्याच्या वर्गवारीत कुठेच बसेना. म्हणजे नवीन. त्यानं लगेच फोन करून निवृत्तीला आलेल्या आपल्या वरिष्ठ लेम्बामॅडमना कळवून टाकलं, की याला तुमचंच नाव. त्याच्या बढतीचा कागद मॅडमच्या हातात होता.

आता फक्त रोप उपटायची परवानगी हवी होती. रान गावाचं, आणि गाव म्हणजे नदीकाठचं एकच लांबलचक घर. ओसरीवर मुखिया गरायनं तांदळाची दारू ओतली, हसत हो म्हटलं आणि सहज विचारलं, नाव कुणाचं देणार?

"आमच्या मॅडमचं."

"कधी वारल्या?"

"वारल्या नाहीत. शहरात, कुचिंगला असतात."

गरायनं पेला खाली ठेवला. "त्या बाईनं तुझं काय वाकडं केलंय?"

जिवंत माणसाचं नाव पोराला दिलं की त्या माणसाचं आयुष्य आखूड होतं, हे मांगाटला ठाऊक होतं, तोही या गावकऱ्यांसारखा इबान जमातीचाच. पण शहरात वाढलेला. हे झाडांना लागू नसावं, असं त्यानं परस्पर ठरवलं होतं. तसं तो बोललाही.

गरायची आई सेंदी सुपारी कुटत होती. "मरणाला काय कळतंय बाबा, पोर आहे का पाला? नाव ऐकलं की येतं ते."

मांगाटच्या डोक्यात सवयीनं वर्गवारी सुरू झाली:

१ अ. नावाचा धनी जिवंत. रोप मिळत नाही.
१ ब. नावाचा धनी मेलेला. २ कडे जा.
२. मेलेले कुणाकुणाचे?

सगळ्यांचे. मांगाट 'बरं, मेलेल्याचं देऊ' म्हणायचा अवकाश, दारादारातून पूर्वज निघाले. गराय आजोबांसाठी अडून बसला, शेजारीण मावशीसाठी, सेंदीआजी नवऱ्यासाठी. शेवटी बारशालाच बसले. एकेका नावाचा भाताचा मुटका मांडला आणि कोंबडा सोडला. ज्यावर आधी चोच, ते नाव.

कोंबड्यानं सेंदीआजीचा नवरा सिबाट टिपला. जळवांच्या भीतीनं हा माणूस जन्मात रानात गेला नव्हता.

"पहिल्यांदाच कशात पुढे आला," आजी म्हणाली.

मांगाट बढतीवर पाणी सोडून ओसरीच्या टोकाशी फोन घेऊन उभा राहिला. आढेवेढे घेत त्यानं सगळं सांगितलं.

"म्हणजे माझं नाव नाही?"

"नाही, मॅडम."

"नक्की ना?"

"कोंबड्यानं ठरवलंय."

मॅडमनी सोडलेला श्वास नदीपार ऐकू गेला असता. "अरे, तू कळवल्यापासून झोप नाही मला. आईनं अन्न सोडलंय. एवढी शिकलेली मी, तुला सांगणार कुठल्या तोंडानं? तुझी बढती झाली म्हणून समज."

मांगाटला हसू आलं. बायकांचं हे असंच, असंही वाटून गेलं.

"आणि तुझा यावर विश्वास नाही ते एक बरं," मॅडम पुढे म्हणाल्या. "डोंगरावरचं ते पांढरं आलं आहे ना, त्याला आम्ही सगळ्यांनी तुझं नाव ठरवलंय."

मांगाटनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मॅडम," त्यानं हळूच विचारलं, "छापायला गेलं नाही ना अजून?"