पिठाच्या डब्यातला फोन

फोन वाजला तेव्हा बाबा चहा गाळत होते. पडद्यावर बँकेचं नाव दिसताच त्यांनी गाळणी कपावर तशीच टेकवली, पिठाचा डबा उघडला, फोन आत ठेवला आणि झाकण घट्ट बसवलं. डबा थोडा वेळ घुमत राहिला.

"बाबा, एकदा उचला की," मुलगी म्हणाली. "खाणारेत का ते तुम्हाला?"

"फोनवर नाही खात. फोनवर आधी गोड बोलतात."

आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, शेंगा सोलत बसली होती. मागच्या आठवड्यात पिठात चष्मा सापडला होता, तेव्हा आता पीठ कुठे ठेवायचं तेवढं तिला कुणी सांगावं, असं तिने मान वर न करता विचारलं.

बाबांचं पंपांच्या जळलेल्या मोटारींत नवी तार भरून देण्याचं दुकान होतं. तांब्याची तार गुंडाळायच्या यंत्रासाठी त्यांनी कर्ज काढलं होतं. हप्ता खात्यातून आपोआप जात असे. पण आपोआप चालणारं आपोआप बंदही पडतं, हे मोटारवाल्याला कुणी शिकवावं लागत नाही. म्हणून बँकेचा फोन आला की दुसऱ्या दिवशी बाबा पैसे भरायच्या मशीनमधून कर्जाच्या खात्यात हप्त्याशिवाय वर काही रक्कम टाकून येत. काउंटरवर जात नसत. तिथे माणूस असतो आणि माणूस काहीतरी विचारतो. किती हप्ते उरले हेही त्यांनी कधी विचारलं नाही. विचारलं की लोक आकडा सांगतात. पैसे कमी पडले तर क्रेडिट कार्डावर काढत. कार्डाचं व्याज कर्जाच्या कितीतरी पट होतं, पण कार्डवाले अजून फोन करत नव्हते.

शनिवारी आपण दोघं बँकेत जाऊ, असं मुलीने त्या दिवशी ठरवून टाकलं. बाबा "शनिवारी बघू" म्हणाले आणि तिच्यापुढे चहा ठेवला. चहात पीठ पडलं होतं. तिने तो तसाच प्यायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा उठले नाहीत.

सगळ्यांना कळवलं ते आत्याने. मुलीच्या मैत्रिणी, तिचं ऑफिस, तिच्या वाटणीची सगळी माणसं आत्यानेच आटोपली. मुलगी शेजारी उभी राहून मान हलवायची. बाबा गेल्याचं वाक्य तिच्या तोंडून एकदाही निघालं नाही.

पाहुणे पांगले आणि बाबांचा फोन वाजला.

मुलीचं वाचन दांडगं होतं. माणसाच्या भीतीवरची पुस्तकं तर तिने समासात खुणा करकरून वाचली होती. तिने पिठाचा डबा उघडला, फोन आत ठेवला आणि झाकण लावलं. दुसऱ्या दिवशी ती मशीनमध्ये पैसे भरून आली. पावतीवर बाबांचं नाव छापून आलं, पुढे 'श्री.' लावून. घरात येणाऱ्या बाकी सगळ्या कागदांवर एव्हाना 'कै.' लागलं होतं. बाबा हयात असलेली एकच जागा आता उरली होती, आणि ती बँक होती.

मग फोन येत राहिले आणि ती भरत राहिली. पगार पुरेना, तेव्हा तिने दुसऱ्या बँकेतून स्वतःच्या नावावर कर्ज काढलं. त्याचा हप्ता चुकला, तशी ती बँकही फोन करू लागली. डब्यात आता दोन फोन राहू लागले.

"बाप परवडला," आत्या म्हणाली. "तो एकाच बँकेला घाबरायचा."

शेवटी बाबांचं यंत्र विकायचं ठरलं. गिऱ्हाईक रविवारी दुकानात येणार होतं. भाचीला घासाघीस जमत नाही म्हणून आत्याही येऊन बसली, आणि एक घामाघूम गृहस्थ आत येताच तिने किंमत सांगून वर एक पैसा कमी होणार नाही असं बजावलं. गृहस्थ म्हणाले, ते बँकेतून आलेत, सुट्टी मोडून.

मुलगी स्टुलावर बसली.

"काका कुठायत?" गृहस्थांनी विचारलं. "मला त्यांच्यापुढे फक्त हात जोडायचेत."

मग त्यांनी सगळं सांगितलं. पहिला फोन त्यांनी कर्ज फिटल्याचं कळवायला केला होता. दुसऱ्या दिवशी काकांनी आणखी पैसे भरले. जादा पैसे परत न्या म्हणून पुन्हा फोन केला, तर आणखी भरले. फोन केला नाही तर वरचे साहेब ओरडायचे, केला तर काका भरायचे. बँकेच्या इतक्या वर्षांच्या नोकरीत असं गिऱ्हाईक त्यांनी पाहिलं नव्हतं.

आत्या पदराने डोळे पुसत हसू लागली. मुलीला उशिरा हसू आलं, पण आलं ते थांबेना. त्या पैशांतून कार्ड मिटेल, तिचं स्वतःचं कर्जही बरंचसं मिटेल. यंत्र जागचं हलणार नाही.

पैसे परत मिळायला काय लागेल, असं तिने विचारलं.

"फार काही नाही. काकांची एक सही. बाहेर गेले असतील तर मी थांबतो."

आत्याने सवयीने तोंड उघडलं. मुलीने तिच्या हातावर हात ठेवला.

"तुम्ही बसा," ती त्या गृहस्थांना म्हणाली. "माझे बाबा वारले."