आदिकाकाचा कुलूपबंद बायोडाटा

डिजिटल हक्कांवर अधिकारवाणीने बोलू शकेल अशी व्यक्ती सध्या आमच्या घनसावंगीत एकच आहे, आणि ती म्हणजे मी! हे मी गर्वाने सांगत नाही. दुसरं कुणी असतं तर त्यांचंही नाव सांगितलं असतं.

झालं असं की, दिवाळीच्या सुट्टीत आमच्या शाळेने आम्हा काही मुलींना जालन्याला संगणक शिबिराला पाठवलं. तिथे संध्याताई नावाच्या ताई होत्या. त्या म्हणाल्या, संगणक आपण विकत घेतो, पण आत मालक दुसराच बसलेला असतो. त्याने हो म्हटलं तर उघडायचं, नाही म्हटलं तर गप्प बसायचं! म्हणून लिनक्स वापरा. ती मोकळी प्रणाली आहे, कुणीही आत डोकावून बघावं. आणि आपली माहिती म्हणजे आपली मालमत्ता, ती विचारल्याशिवाय कुणी कुणाला द्यायची नाही. माझ्या अंगावर काटाच आला. शिबिराला गेले तेव्हा मी नुसती रेणू होते, परत आले ती चळवळ होऊन!

चळवळीचा पहिला बळी ठरला तो आदिकाकाचा लॅपटॉप. आदिनाथ म्हणजे माझ्या बाबांचा धाकटा भाऊ. जालन्याच्या एमआयडीसीत बियाणांच्या कंपनीत आहे, सुट्टीला घरी येतो. लॅपटॉप जुनाच घेतलेला. त्यावर तो फक्त पत्ते खेळायचा. मी त्यातलं विंडोज मुळासकट उपटलं आणि लिनक्स घातलं. पत्तेही गेले. काकाने एकदाच हळूच विचारलं की ते पत्त्यांचं काय झालं. मी सांगितलं की स्वातंत्र्यासाठी थोडा त्याग करावा लागतो. काका म्हणाला, "बराबर हाय." मी काहीही बोलले तरी काका बराबर हाय म्हणतो. असा माणूस घरात एक तरी पाहिजे!

दुसरी आमची गल्ली. कुणीतरी बँकेचा साहेब बोलतोय असं सांगून गिरणीवाल्या बेबीनंदाकाकूंकडून ओटीपीचा आकडा काढून घ्यायला निघालं होतं, थोडक्यात वाचल्या. त्याच संधीचा फायदा घेऊन मी गिरणीच्या ओट्यावर वर्ग सुरू केला. दळण होईपर्यंत बायांना दुसरं काम नसतं. मी एकच वाक्य शिकवलं: अनोळखी माणूस काहीही विचारो, उत्तर द्यायचं, "ही खासगी माहिती आहे." पाढ्यासारखं घोकून घेतलं. चहावाला हरिओम पलीकडून ऐकत होता, त्यालाही पाठ झालं.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे बायोडाटा. इथून माझं बिघडलं.

तर काकाचं लग्न जमत नव्हतं. म्हणजे स्थळं येत, काका हसून बघे, आणि पुढे काही होत नसे. पण मधे परतूरला एका लग्नात गाणी लावणाऱ्याचा लॅपटॉप ऐन वरातीत अडकला. नवरदेव घोड्यावर आणि गाणं एकाच शब्दावर! तेव्हा एक मुलगी पुढे आली, एका हातात जिलबीची प्लेट, दुसऱ्या हाताने चार बटणं दाबली आणि गाणं सुरू. ती म्हणजे आष्टीच्या तातेरावांची प्रांजली. काकाने ही गोष्ट आम्हाला इतक्यांदा सांगितली की आमच्या म्हस्कूआबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, शेवटी विचारलं, "आरं, त्या पोरीचं बघायचं का जिलबीचं?" काका लाजून गोठ्यात गेला.

मग दैवशालाआत्याने सूत्रं हातात घेतली. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण, पलीकडच्या आळीत राहते आणि अर्ध्या तालुक्याची लग्नं जुळवते. तिने तातेरावांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, बायोडाटा पाठवा, बघू. काकाने ते काम माझ्यावर सोपवलं आणि म्हणाला, "रेणू, हे एकच स्थळ हाय बघ मला. नीट कर."

मी जुना बायोडाटा काढून पाहिला आणि हादरलेच! उंची, वर्ण, पगार, शेत, मामाचं गाव, आणि खाली चौघांचे मोबाइल नंबर! हे असं उघडं पत्रक कुठल्या कुठे फिरत असतं, आणि कुणाला लाज नाही! मी नवा केला. फोटो ठेवला, पण चेहरा धूसर केला. पगार काढला. शेत काढलं. नंबर काढले. नावाच्या जागी 'आ.' एवढंच. 'अपेक्षा' या रकान्यात मात्र मन मोकळं केलं: 'मुलगी मुक्त सॉफ्टवेअर वापरणारी असावी. विंडोजवाली असल्यास विचार केला जाईल.' मग सगळ्याला पासवर्ड लावला आणि लिनक्सवरच्या मोकळ्या प्रकारातली फाइल आत्याकडे पाठवली. काकाला विचारलं, बघतोस का? तो म्हणाला, तू केलंय म्हणजे बराबरच असंल.

आत्याच्या फोनवर ती उघडेना. आत्याला वाटलं, नवीन पद्धत असेल, तशीच पुढे ढकलली. तातेरावांकडेही उघडेना. त्यांचा फोन आला तेव्हा मी शेजारीच बसले होते. मी आत्याला सांगितलं की माहिती कशासाठी पाहिजे, कोणाकोणाला दाखवणार आणि किती दिवस जवळ ठेवणार, हे त्यांनी लिहून द्यावं, मग पासवर्ड देऊ. आत्याने बिचारीने जसंच्या तसं सांगितलं. पलीकडून फोन ठेवला गेला. मला वाटलं, विचारात पडले.

पुढच्या आठवड्यात मी शाळेतून येत होते, तर गल्लीच्या तोंडाशी एक गृहस्थ उभे. डोक्यावर टोपी, हातात नायलॉनची पिशवी, वाट चुकल्यासारखे इकडेतिकडे बघत होते. आधी हरिओमच्या टपरीवर गेले. चहा घेतला, म्हशीसाठी सरकी घ्यायला आलोय म्हणाले, आणि मग हळूच आमच्या आदिकाकाबद्दल विचारलं. आता हा हरिओम म्हणजे कुणाच्या घरी काल काय शिजलं ते न विचारता सांगणारा माणूस. तो काउंटरवर हात ठेवून ताठ उभा राहिला आणि म्हणाला, "ही खासगी माहिती आहे." माझा ऊर भरून आला!

गृहस्थ गिरणीवर गेले, मी मागोमाग. बेबीनंदाकाकूंचा मिक्सर सकाळीच काकाने दुरुस्त करून दिलेला. पण काकू माझ्याही पुढे गेल्या. त्या म्हणाल्या, कोण आदिनाथ? या गल्लीत या नावाचं कुणी न्हाईच. आणि पीठ उडवत आत निघून गेल्या.

मला सगळं लक्षात आलं. एक कारण सांगायचं आणि दुसरंच विचारायचं, फसवणारे असेच सुरुवात करतात, हे मीच ओट्यावर शिकवलं होतं! मी दप्तर सावरलं आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. त्यांनी मलाही विचारलं, "बाळा, आदिनाथ कसा माणूस हाय गं?"

"कसा म्हणजे?"

"म्हणजे, पितो-बितो का?"

"सांगू शकत न्हाई."

"आधी एखादं लगीन-बिगीन झाल्तं का त्याचं?"

"त्याची परवानगी लागंल."

त्यांनी गल्लीत मागेपुढे बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुला कुणी भ्या दाखवलंय का, बाळा?"

मी म्हटलं, भीती मला कुणाचीच नाही, पण तुम्ही कोण, आणि ही माहिती किती दिवस ठेवणार ते सांगा. त्यांनी पिशवी छातीशी धरली आणि जे निघाले ते मागे वळून न बघता थेट स्टँडवर. मी घरी येऊन छाती पुढे काढून सगळं सांगितलं. बाबांनी पाठ थोपटली. आई म्हणाली, शहाणी गं माझी बाय!

संध्याकाळी आत्या आली ती दारातच मटकन बसली. आष्टीहून नकार आला होता. तातेराव स्वतः चौकशीला आल्ते म्हणे. टोपी घालून, सरकीचं निमित्त करून. मुलीचा बाप असाच गुपचूप चौकशीला जातो, ही रीतच आहे, हे मला सोडून सगळ्यांना ठाऊक! त्यांनी आत्याला सांगितलं की तुमच्या भावाची गल्लीत एवढी दहशत आहे की माणसं त्याचं नाव काढायला घाबरतात, एक बाई तर तो इथं राहतच न्हाई म्हणाली, आणि त्याच्याच घरातली असावी अशी एक शाळकरी पोरगी माझ्याच अंगावर आली.

बाबांनी थोपटलेली माझी पाठ थंडगार पडली.

काका सुट्टीला घरीच होता. तो ऐकून उठला. बाहेर जाऊन गाडी धुवायला लागला. धुऊन झाली, पुसून झाली, मग पुन्हा धुवायला घेतली. मी बादलीजवळ जाऊन उभी राहिले. त्याने रागवावं म्हणून मी वाट बघत होते. तो म्हणाला, "जाऊ दे रेणू. तू चांगल्यासाठीच केलंस." याच्यापेक्षा त्याने दोन दिल्या असत्या तर मला झोप लागली असती!

त्याला न सांगता मी आणि आत्या जीपने आष्टीला गेलो. तातेरावांच्या घराची पुढची खोली म्हणजे प्रांजलीचा संगणकाचा क्लास. ओळीने मांडलेले संगणक, आणि सगळ्यांवर विंडोज! पण मी तिकडे बघायचं नाही असं ठरवून आले होते. तातेराव मला पाहून उभेच राहिले. आत्याला म्हणाले, "हीच ती."

मी म्हटलं, आजोबा, तुम्ही विचारलेलं सगळं सांगते. आणि सांगतच सुटले! काका पीत नाही, एकदा हळदीत कुणीतरी पाजली तर म्हशीशी बोलत बसला. लग्न झालेलं नाही. पालीला इतका घाबरतो की पलंगावर चढून आबांना हाक मारतो. मालिका बघताना रडतो आणि कांदा चिरत होतो म्हणतो. कानाजवळचे पांढरे केस माझ्याकडून उपटून घेतो. पगार सांगितला, शेत सांगितलं, कुणाचा मिक्सर, कुणाचा पंखा दुरुस्त करून देतो तेही सांगितलं. गल्लीला ते वाक्य मी शिकवलं, हेही. आणि परतूरच्या जिलबीची गोष्ट तर दोनदा! तातेरावांच्या चेहऱ्यावरची एकेक घडी उलगडत चालली. पालीपाशी तर ते हसले.

तेवढ्यात आतल्या दारातून आवाज आला. "हे सगळं त्यांना विचारून सांगू राह्यलीस का?"

प्रांजली. मी बोलता बोलता थांबले. एवढ्या मोठ्या जिल्ह्यात मला माझ्यासारखं बोलणारं माणूस भेटलं, आणि ते विंडोजवालं निघालं!

मी म्हटलं, न्हाई विचारलं.

ती संगणकासमोरच्या खुर्चीत बसली. म्हणाली, "मी तो बायोडाटा उघडलाय. तुमचं ते फुकटातलं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं त्यासाठी. चांगलं हाय. पण माणसाच्या नावापुढं एक दोन तीन लावून पासवर्ड ठेवू नये. दुसऱ्या खेपेलाच उघडलं."

आत्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला फरशीच्या फटीत जागा शोधावीशी वाटली.

"आणि विंडोजवालीचा विचार केला जाईल, हे त्यांनी लिहिलंय?"

"मी लिहिलं. काकाला तर दोन्हींतला फरकपण कळत न्हाई. त्याचे पत्ते गेले, तरी तो काही बोलला न्हाई."

ती हसेल असं वाटलं होतं, पण ती म्हणाली, "मी विंडोज शिकवते, कारण इथल्या पोरी कापसाच्या जिनिंगच्या हापिसात, दवाखान्यात कामाला लागतात. तिथं जे असतं ते आधी यायला पाहिजे. नोकरी लागल्यावर काय वापरायचं ते त्यांचं त्या ठरवतील. तुझ्या काकानं काय वापरायचं ते कुणी ठरवलं?"

माझ्याकडे उत्तर होतं, पण ते मला स्वतःलाच आवडलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी म्हटलं, "बराबर हाय."

मग ती वडिलांकडे वळून म्हणाली की यांच्या तोंडून आता काही ऐकायचं न्हाई, त्यांनाच येऊ द्या, जे विचारायचं ते मी विचारीन.

काका आला! आबा, बाबा, आत्या आणि मी सोबत. काकाने इस्त्री एवढी कडक केली होती की त्याला बसताना त्रास होत होता. पोहे झाले, चहा झाला, आणि मग दोघांना क्लासच्या खोलीत बोलायला पाठवलं. दार लोटलं गेलं.

वैशाखात लग्न आहे, ते तुम्ही ओळखलंच असेल. लॅपटॉपमध्ये आता लिनक्सही आहे, विंडोजही आहे आणि पत्तेही आहेत. पण त्या खोलीत एवढा वेळ काय बोलणं झालं, ते दोघंही कुणाला सांगत नाहीत. मी काकाला खूप छळलं, तर तो म्हणाला, ते आमच्या दोघांचं हाय.

आता तुमच्यापासून काय लपवायचं! त्या दिवशी दार लोटल्यावर मी पाणी पिण्याच्या निमित्ताने उठले आणि पावलं न वाजवता त्या दाराशी गेले. दाराला कान लावून दैवशालाआत्या आधीच उभी होती. दुसऱ्या फळीला खुद्द तातेराव, हातात विजेचा टेस्टर धरून, बटणं तपासत असल्यासारखे. आतून आधी प्रांजलीचं हसू ऐकू आलं, मग काकाचं. शब्द एकही नाही, कारण आत्याच्या बांगड्या!

डिजिटल हक्कांवर अधिकारवाणीने बोलू शकेल अशी व्यक्ती तिथे मी एकटीच होते. मी दोघांकडे कठोर नजरेने पाहिलं, आणि आत्याच्या कानात म्हटलं, "जरा सरक ना."