टॉवेलची दांडी: पायरी तिसरी सोडून

टॉवेलची दांडी बसवायला प्लंबर लागतो असं ज्यांना वाटतं, त्यांची मला कीव येते! दोन भोकं, दोन स्क्रू, एक दांडी. त्यात मी पॉलिटेक्निकमध्ये नोकरीला. (आवक-जावकच्या टेबलावर. पण गल्लीत एवढं खोलात कोण जातंय?)

ठिणगी टाकली ती सासऱ्यांनी. रावजीमामा, माळशिरसचे, ऊस आणि माणूस दोन्ही एका घावात तोडणारे. दिवाळीत आले होते. अंघोळ करून ओला टॉवेल हातात घेऊन बाथरूमभर नजर फिरवली आणि म्हणाले, "जावई, सगळ्या देशाचं अंग पुसतंय म्हनं तुमचं सोलापूर! आन् तुमच्याच घरात टावेल ठिवायला जागा न्हाय?"

टॉवेल त्यांनी दारावर टाकला. तो दुपारपर्यंत वाळला. मी नाही वाळलो!

आता ते पुन्हा गुरुवारी येणार होते. म्हणून मंगळवारी मी ड्रिल मागून आणलं, दांडीचा डबा फोडला आणि आतलं पत्रक उघडलं.

पायरी १. जागेवर पेन्सिलने खूण करा.

केली. रेश्मा, म्हणजे माझी बायको, दारात हाताची घडी घालून उभी.

"अहो, चन्नवीरला बोलवा. नळाचं सगळं काम त्यानंच केलंय. कुठनं काय गेलंय त्याला ठाऊक."

"मी नळ बसवतोय का? दांडी बसवतोय."

"तेच म्हणते. बसवा, पण भिंत ठेवा."

पायरी २. दोन्ही खुणा एका पातळीत आहेत का, ते पाहा.

एक डोळा मिटून पाहिलं. आहेत.

पायरी ४. भोके पाडा.

(तिसरी? पत्रक लिहिणाऱ्यांना पायऱ्या वाढवायची खोडच असते!)

ड्रिलनं असा टाहो फोडला की शेजारच्या म्हाळसाबाई गॅलरीतून ओरडल्या, "कुणाचा दात काढताय व्हय?" पहिलं भोक झकास. दुसऱ्यात मात्र ड्रिल आधी अडलं, मग एकदम आत गेलं, लोण्यात सुरी गेल्यासारखं! पांढरा भुगा पडला.

"पाईप तर नाही ना लागला?" रेश्मा.

"पाईप असता तर पाणी आलं असतं की! आलं का?"

"नाही."

"मग?"

(त्या दिवशी मंगळवार होता. आमच्या गल्लीची पाण्याची पुढची पाळी शुक्रवारी. हे वाक्य कंसात आहे, कारण त्या वेळी माझ्या डोक्यातही ते असंच कुठंतरी कंसात होतं.)

पायरी ५. भोकात प्लॅस्टिकची गिट्टी ठोका, स्क्रू पिळा. पायरी ६. आनंद घ्या.

घेतला! तीन दिवस घेतला. येणाऱ्या-जाणाऱ्याला बाथरूम दाखवलं. विजेचं रीडिंग घ्यायला आलेला माणूससुद्धा सुटला नाही.

शुक्रवारी सकाळी सात वाजता गल्लीत हाळी उठली, "पाणी आलं! पाणी आलं!" रेश्मा टाकी बघायला गच्चीवर पळाली. दोन तासांत टाकी भरली तर भरली, नाहीतर पुढचे पाच दिवस तांब्याभर पाण्यात तोंड धुवायचं. आणि मामा तर आठवडाभर राहणार!

आदल्या रात्री आलेले मामा अंघोळीला निघाले होते. मी त्यांना दांडीपाशी उभं केलं.

"हाय का मजबूत?" त्यांनी विचारलं.

"मजबूत? लोंबकळा मामा! हत्ती टांगला तरी हलायची नाही!"

मामांनी लोंबकळायला गुडघेसुद्धा वाकवले नाहीत. म्हशीची वेसण ओढावी तशी फक्त एक ओढ दिली. दांडी त्यांच्या हातात. स्क्रू बादलीत. आणि भिंतीतून पाण्याची अशी धार सुटली की समोरच्या खिडकीतला साबण रस्त्यावर गेला!

"जावई," मामा निथळत म्हणाले, "दांडीला नळबी हाय व्हय? लई भारी."

"कॉक बंद करा!" मी ओरडलो.

"खबरदार!" गच्चीवरून रेश्मा. "कॉक बंद केला तर टाकीत काय तुमचं डोकं घालू?"

मी भोकावर अंगठा दाबला. धार थांबली. दुसऱ्या हातानं चन्नवीरला फोन लावला.

"साहेब, टॉवेलची दांडी का?"

"तुला कसं कळलं?"

"आज पाण्याचा दिवस. सकाळपासून तिसरी दांडी. अंगठा लावलाय ना? काढू नका. टाकी भरली की येतो."

पायांपाशी पत्रक तरंगत आलं, सरळ बाजू वर करून.

पायरी ३. भिंतीमागे पाईप नाही ना, याची आधी खात्री करा.

तर मी असा: तोंड भिंतीकडं, उजवा हात खांद्याच्या रेषेत आडवा, टोकाला अंगठा. गच्चीवरून आवाज येतोय, "पाव!" बऱ्याच वेळानं, "अर्धी!" अंगठा आपला आहे की म्हाळसाबाईंचा, हेही कळेनासं झालेलं. आणि मामा अंघोळीशिवाय चहा घेत नाहीत.

"तुमचं चालू द्या," ते म्हणाले. "मी उरकून घेतो. फकस्त हिकडं बगू नका."

मी बघितलं नाही. पाठीमागं तांब्या वाजत राहिला, दहा-बारा देवांची नावं झाली, अंग पुसणं झालं. मग माझ्या आडव्या हातावर काहीतरी पडलं. जड, गार, निथळतं. चार हाती सोलापुरी टॉवेल, ओला!

मामांनी तो नीट पसरला. दोन्ही पदर सारखे केले. खाली एक झटका देऊन पाहिला. अंगठा हलला नाही.

"आत्ता बसली बगा," ते म्हणाले.

"भरली!" गच्चीवरून रेश्मानं आनंदानं आरोळी ठोकली. "कॉक बंद केलाय! सोडा आता!"

मी सुटकेचा श्वास घेतला आणि हात खाली घ्यायला लागलो.

"आं! हलू नका जावई," मामा दारातून वळून म्हणाले. "टावेल वला हाय अजून."

मी हललो नाही.