मोटारीस थोरले नळकांडे बसविले आणि डोंगरजाईच्या घाटात काय जाहले, त्याचा वृत्तांत

श्रीडोंगरजाई प्रसन्न. जिने डोंगर उभा केला, डोंगरास वळणे दिली आणि वळणावर भल्याभल्यांचा तोरा उतरविला, तिचे चरणी मस्तक ठेवून लिहिण्यास आरंभ केला. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. ते समयी राज्यावर श्रीमंत विश्रामराव खासे विराजमान होते. राज्याची सीमा पूर्वेस पिठाची गिरणी आणि पश्चिमेस एस.टी.चा थांबा. फौज म्हणावी तर एक मोटार, परंतु ती मोटार म्हणजे राज्याचा हत्ती, राज्याचा जरीपटका, सर्वस्व. वय वर्षे साठ, रंग काळाभोर, दिवे वाटोळे. रावांचे तीर्थरूप आबासाहेब यांनी ती हौसेने आणिली होती आणि तिजकडे एक बहुमान होता. दर साली मार्गशीर्षी पौर्णिमेस देवीचा चांदीचा मुखवटा गावातील देवळातून घाटाने डोंगरावरील देवळी जावयाचा, तो याच मोटारीच्या मागील बैठकीवर बसोन. आधी आबासाहेबांनी नेला आणि मग रावांनी नेला, आणि मागे सारी रयत टाळ वाजवीत, धूर खात पायी चालत असे.

परंतु गत साली विपरीत घडले. मोटारीचे पोटातील धूर ज्या नळकांड्याने बाहेर पडतो, ज्यास सायलेन्सर म्हणतात, ते गंजोन त्याची चाळण जाहली, आणि धूर आत शिरला, आणि गुरव खोकून खोकून अर्धमेला जाहला, आणि डोंगरावर मुखवटा उतरविला तो चांदीचा की कोळशाचा हे कळेना. मग काय विचारता! शेजारच्या आळीचे राजे चंद्रसेनराव, ज्यांनी तितकीच जुनी पांढरी मोटार मुद्दाम मिळवोन तयार ठेविली होती, ते पंचांपुढे उभे राहून बोलिले, "देवी काळी केली यांनी. आता तरी आम्हाला सेवा द्या." पंचांनी मसलत करून निर्णय दिला की, यंदा एक वेळ विश्रामरावांस संधी द्यावी, परंतु वाटेत मुखवटा मोटारीतून खाली उतरवावा लागला, तर बहुमान कायमचा चंद्रसेनरावांकडे जावा. घरी येवोन रावांस तसबिरीतील आबासाहेबांकडे पाहवेना.

मग बाबालाल मिस्त्रींस पाचारण जाहले. तीस वर्षे मोटारीची नाडी त्यांचेच हाती. ते मोटारीखाली निजले, ठोकून पाहिले, बाहेर आले आणि बोलिले, "राजे, नळी जुन्या मापाचीच घालूया. पत्रा तेवढा न गंजणारा आणा. बाकी काय बदलू नका." सल्ला उत्तम, परंतु रावांचे मन आधीच नासले होते. त्यांनी मोबाइलावर कुण्या परदेशीच्या मोटारीचा गडगडाट ऐकिला होता आणि तेव्हापासोन जेवताना, स्नान करिताना, संध्या करितानाही मुखातून घर्र घर्र ऐसा नाद काढीत. ते बोलिले, "मिस्त्री, नुसतं भोक बुजवून भागायचं नाही. चंद्रसेनाच्या कानठळ्या बसल्या पाहिजेत!"

आता त्या राज्याची रीत ऐसी की, माठ घ्यावा तो टिचकी मारोन, कलिंगड घ्यावे ते थाप मारोन. न वाजविता वस्तू घरी आणीत नसत. आणि या विद्येत राणीसाहेब कमळजाबाई यांचा हात धरील ऐसा कोणी नव्हता. सबब राव त्यांस घेवोन शहराचे पेठेत गेले. दुकानदाराने सात सायलेन्सर मांडिले. तो मापे सांगू लागला, इंजिन केवढे म्हणोन पुसू लागला, परंतु ऐकतो कोण! राणीसाहेबांनी पदर खोचिला आणि बोटाच्या पेराने एकेक वाजवीत चालिल्या. "हा बद्द वाजतोय. हा फुटका. याला कंठच नाही." दुकानदार आ वासोन पाहत राहिला. सातवा दंडाएवढा जाड, आरशासारखा लखलखीत. त्यास टिचकी मारिली तो खण्ण ऐसा नाद निघोन दुकानातील मांजर उठोन बसले. राणीसाहेब बोलिल्या, "माठ असता तर हाच घेतला असता. पण अहो, हा माठ नव्हे. मिस्त्रींना विचारून घ्या." रावांनी यातील पहिले वाक्य ऐकिले आणि दुसरे होईतो सायलेन्सर काखोटीस मारिला.

बाबालालांनी तो पाहिला आणि कपाळास हात लाविला. "राजे, घरात फुंकणी आहे का? बारकी असती म्हणून जाळ धरतोय. गटाराच्या पाइपानं चूल फुंकून बघा बरं! नळी मापाची असली की धूर जोरात पळतोय आणि मागचा धूर ओढून नेतोय. ऐसपैस झाली की रेंगाळतोय. सपाटीला कळायचं नाही. चढाला रडवंल." राव हसोन बोलिले, "मिस्त्री, तुम्हाला मोठं काही सोसतच नाही." यावर बाबालाल "बरं" इतकेच बोलिले आणि त्यांनी जोडकाम करून दिले.

मग किल्ली फिरविली मात्र! काय तो नाद वर्णावा! गच्चीवरचे पापड वाळण्याआधीच उडाले, गिरणीवाला आपली गिरणी आपोआप सुरू जाहली म्हणोन धावला, मास्तर हजेरी घेता घेता पहिल्या नावावर परत गेले, आणि चंद्रसेनरावांचे हातातील चहा बशीत न पडता सदऱ्यावर पडला. ही शेवटली खबर ऐकोन रावांस आनंद मावेना. त्यांनी सपाटीस गावाला सात फेऱ्या घातल्या आणि मोटार वाऱ्यासारखी धावली.

पौर्णिमेस मुखवटा घासोन पुसोन मागील बैठकीवर बसविला, शेजारी राणीसाहेब तो एका हाताने धरोन बसल्या, बाबालाल पुढे बसले आणि गर्जना करीत स्वारी निघाली. पहिले वळण घेतले. दुसरे कण्हत घेतले. तिसरे वळण म्हणजे छातीवरचा चढ. तेथे मोटार जी गर्जली की, माकडे पलीकडच्या डोंगरी गेली, दगड घरंगळले, आणि मोटार तेथल्या तेथे. रावांनी पाय दाबिला. नाद दुप्पट जाहला, चाल शून्य. मग मोटार विंचवाच्या नांगीसारखी थरथरली आणि बंद पडली. मागोन चंद्रसेनरावांची पांढरी मोटार मांजरपावली आली. ते काच खाली करून अतिगोड बोलिले, "उतरवायचा का मुखवटा? आमची बैठक रिकामीच आहे." रावांचे डोळ्यांपुढे आबासाहेब उभे राहिले. राव हळूच बोलिले, "मिस्त्री, चुकलो. तुमचं ऐकायला हवं होतं. आता घालवला मी सगळा मान."

बाबालाल बोलिले, "मोटार फिरवा. हिच्या रिव्हर्स गिअरला जोर लई आहे. उलटी चढंल."

"उलटी? सगळ्या राज्यादेखत?"

"मग उतरवा मुखवटा."

रावांनी चाक वळविले, रयतेने ढकलोन मोटार फिरविली आणि ती पुन्हा सुरू जाहली. तोच चंद्रसेनराव कडाडले, "देवीच्या दारी पाठमोरं जाणार? शोभतं का हे?" यावर राणीसाहेबांनी मुखवटा मांडीवर उचलोन धरिला आणि बोलिल्या, "भावजी, पाठमोरी मोटार आहे. देवीचं तोंड कुणीकडं झालंय ते तर बघा!" सर्वांनी पाहिले. साठ वर्षे रयत मोटारीची पाठ पाहत चालत आली, आणि आता काचेतून देवीचे तोंड थेट रयतेकडे. धूरही आता रयतेच्या तोंडावर न येता पुढे डोंगराकडे चालिला होता. काठी टेकीत आलेली एक म्हातारी मोठ्याने ओरडली, "अगं बाई, आई आमच्याकडं बघतीया!" आणि रडू लागली. मग एकच कल्लोळ जाहला. थोरले नळकांडे पुढे गर्जत, मोटार उलटी चढत, रयत देवीच्या डोळ्याला डोळा लावून मागे धावत, ऐसी मिरवणूक आजवर कोणी पाहिली नव्हती. चंद्रसेनरावही मोटार सोडोन अनवाणी पायी चालू लागले.

डोंगरावर पंचांनी निर्णय दिला की, मुखवटा उतरला नाही, सबब बहुमान रावांकडेच. पुढे बाबालालांनी जुन्या मापाची नळी बसविली, मोटार निमूट आणि जोरकस जाहली, कोणताही घाट सरळ चढे. परंतु पुढील सालच्या पौर्णिमेस रावांनी सरळ गिअर टाकिला, तो सारी रयत रस्त्यात बसली. "राजे, फिरवा!" राव हसले आणि त्यांनी फिरविली.

तात्पर्य, चंद्रसेनरावांच्या कानठळ्या बसविण्यास निघालेल्या राजाची ऐसी गत जाहली की, तो प्रतिवर्षी तीन कोस उलटा जातो. पाहणारे म्हणतात, बिचाऱ्याची मान अवघडत असेल. अवघडते. राणीसाहेब तेल चोळितात. परंतु चाळीस वर्षे त्याने मुखवटा वाहिला, तेव्हा देवी सदा पाठीमागे बसलेली. उलटे जाताना मागे वळोन पाहावे लागते, आणि वळोन पाहिले की राणीसाहेबांच्या मांडीवरोन ती थेट त्याजकडे पाहते. म्हणोन राव मोटार फार सावकाश चढवितात. इति.